मत : उत्पत्ती, वापर आणि विल्हेवाट

मराठीत ‘मत’ या एकाच शब्दाने दोन वस्तू ओळखल्या जातात. एक यंत्रात जाते, दुसरी तोंडातून बाहेर येते. पहिलीची व्यवस्था कडक आहे. तिच्यासाठी वयाची १८ वर्षे पुरी असावी लागतात (१९८९ पर्यंत २१ लागत), यादीत नाव लागते, बोटाला शाई लागते आणि बटण दाबल्यावर आपले मत कोणाला गेले ती चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते. दुसऱ्या मताला यातले काहीच लागत नाही; ७ सेकंद तर नाहीतच. पहिले गुपचूप द्यायचे असते, दुसरे मोठ्याने. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मतदाराला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण मिळाले. कट्ट्यावर तशी सोय नाही. ‘मला यातले काही कळत नाही’ असे म्हणणाऱ्याकडे तिथे संशयाने पाहिले जाते. एकतर त्याची तब्येत बरी नसावी, किंवा त्याला खरोखरच त्यातले कळत असावे.

राजकारण हा मताचा मुख्य आहार. महाराष्ट्रात त्याची कधी टंचाई नसते, पण २०१९ च्या विधानसभेने कहर केला. एकाच मुदतीत तीन मुख्यमंत्री झाले, दोन पक्ष फुटले आणि प्रत्येक तुकडा स्वतःलाच मूळ पक्ष म्हणवू लागला. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी तर दारात पडलेल्या पेपरात उद्धव ठाकरे यांच्या नावावर सहमती झाल्याची बातमी होती आणि घरातल्या टीव्हीवर देवेंद्र फडणवीस व अजित पवार शपथ घेत होते. पेपर हातात, रिमोट दुसऱ्या हातात, चहा निवलेला. अशा प्रसंगी कच्चे मत गडबडते. मुरलेले मत ‘मी आधीच म्हटलं होतं’ एवढेच म्हणते. ते सरकार ८० तासांच्या आसपास टिकले आणि राजीनाम्याच्या दिवशीही हेच वाक्य जसेच्या तसे चालले. मराठीत याहून टिकाऊ वाक्य सापडणे कठीण.

अर्थविषयक मताचा हंगाम १ फेब्रुवारीला येतो. एके काळी मुंबईत कायदेपंडित नानी पालखीवाला अर्थसंकल्पावर बोलत आणि ते ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरे. त्यांनी आधी अर्थसंकल्प वाचलेला असे, ही पद्धत आता मागे पडली आहे. २०२५ चे उदाहरण पुरेसे आहे. एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ११ वाजून ४ मिनिटांनी, अर्थमंत्र्यांचे भाषण नुकतेच सुरू झालेले असताना, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज पडला : ‘मध्यमवर्गाच्या तोंडाला यंदाही पाने पुसली.’ खाली नऊ अंगठे आले. कराचा भाग भाषणाच्या शेवटी होता. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला, पगारदारांना प्रमाणित वजावटीमुळे पावणेतेरा लाखांपर्यंत. लगेच ग्रुपवर दुसरे मत निघाले : ‘१२ लाखांपर्यंत स्लॅबच नाही.’ प्रत्यक्षात स्लॅब ४ लाखांपासूनच सुरू होतो. १२ लाखांवर त्याप्रमाणे ६०,००० रुपये कर निघतो आणि तेवढीच सवलत देऊन तो पुसला जातो. हे समजावणाऱ्या तरुण सनदी लेखापालाला ग्रुपवर ‘हुशारी दाखवू नकोस’ असे सांगण्यात आले. त्याच्या मेसेजला अंगठा एकच, तोही बायकोचा.

उद्योगाबाबत फार सांगण्यासारखे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. तेव्हा लागू असलेला १९४८ चा कारखाना कायदा ४८ तासांवर थांबत होता. या मतावरची बहुतेक मते कामाच्या वेळात, ऑफिसच्या वाय-फायवर लिहिली गेली.

तंत्रज्ञानाविषयीचे मत सहसा नवे करावे लागत नाही. जुनेच उसवून पुन्हा शिवतात. १९८० च्या दशकात बँकांमध्ये संगणक येणार म्हटल्यावर जी वाक्ये तयार झाली, त्यांतला ‘संगणक’ काढून ‘एआय’ घातला की काम भागते. उलट बाजूची वाक्येही त्याच कपाटात आहेत. क्वचित नवनिर्मितीही होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या दोन हजारांच्या नोटेत चिप असून ती जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे मत त्या काळचे. मे २०२३ मध्ये ती नोट चलनातून काढून घेण्याचे जाहीर झाले; चिप कुठे जमा करायची याबद्दल मात्र कोणी मत दिले नाही. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तेव्हापासून निवृत्त मंडळी पाच-पाचच्या हप्त्याने पाठवतात, वेळ त्यांच्याकडे आहे.

मनोरंजनाच्या क्षेत्रात मत आणि तिकीट यांचा संबंध तुटलेला आहे. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइम सक्तीचा करण्याचे जाहीर केले. एका लेखिकेने त्याविरुद्ध ट्विटरवर मत देताना आता पॉपकॉर्नऐवजी दहीमिसळ आणि वडापाव खायचा का, असे विचारले. त्यावर विधानसभेत हक्कभंगाचा विषय निघाला आणि तिच्या घराबाहेर आंदोलक खरेच मिसळ आणि वडापाव घेऊन पोचले. मतभेदात समोरच्याला खाऊ घालण्याची नोंद इतरत्र विरळा. मराठी चित्रपट जगला पाहिजे हे मत त्या आठवड्यात जवळपास एकमुखी होते आणि ‘टीव्हीवर लागला की बघू’ हेही.

राहता राहिली विल्हेवाट. यंत्रातले मत परत घेता येत नाही. व्हॉट्सॲपवरचे साधारण अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येते, पण जागेवर मेसेज हटवल्याची करडी ओळ राहते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ११ वाजून ४ मिनिटांचे मत दुपारच्या जेवणाआधी हटवले. संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर दोन तट पडले होते : एकाच्या मते काकांनी सेक्रेटरीबद्दल काहीतरी लिहिले होते, दुसऱ्याच्या मते पार्किंगबद्दल.