आधी सप्लाय बघ

मे महिन्यात विद्यापीठाला सुट्टी लागली की अमेरिकेतल्या आमच्या स्टेट कॉलेज गावात रस्त्यांच्या कडेला सोफे, दिवे आणि गाद्या येऊन बसतात. अशाच दिवसांत एका गराज सेलमध्ये मला कमोडोर 64 हा जुना कॉम्प्युटर मिळाला. अंगाने पिवळट, आणि चालू केला की स्क्रीन काळा ठिक्कर. "चालत नाही," विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं. "मग आणलात कशाला?" हे बायकोने घरी विचारलं.

आता काय सांगणार? 1985च्या सुमारास आमच्या शाळेत भारत सरकारच्या 'क्लास' योजनेतले बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते. देवळात जावं तसं चपला बाहेर काढून आत जायचं आणि तिघांत मिळून एक बटण दाबायचं. त्यांच्यातला प्रोसेसर 6502. कमोडोर 64मधला 6510 त्याचाच धाकटा भाऊ. 6502 चक पेडल आणि त्यांच्या साथीदारांनी काढला आणि 1975 साली चक्क 25 डॉलरला विकायला ठेवला. तो बनवणारी कंपनी होती नॉरिसटाउनची, म्हणजे इथून गाडीने तीन-साडेतीन तास. शाळेत ज्याला हात लावायला रांगेत उभा राहिलो, त्याच्या माहेरी मी इतकी वर्षं राहतोय आणि मला पत्ताच नाही!

पुण्यात पासोड्या विठोबापाशी एक रेडिओवाले काका होते. त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर माझ्या कित्येक दुपारी गेल्या. "आधी सप्लाय बघ, मग बाकीच्यांवर संशय घे," हे त्यांचं पालुपद. म्हणून पहिल्यांदा मल्टिमीटर अडॅप्टरला लावला. 5 व्होल्ट हवेत तिथे साडेसहा. म्हातारपणी या अडॅप्टरांचा हात सढळ होतो, आणि त्या औदार्यात मेमरी जळते. नवा सप्लाय आणला, तरी स्क्रीन काळाच.

या बोर्डावर मेमरीच्या आठ चिप बसतात. प्रत्येक बाइटचा एकेक बिट एकेकीकडे. आठ जणांच्या खांद्यावरची पालखी. एकाने खांदा काढला की सगळंच कलंडतं. दोषी कोण, हे शोधायला बोट पुरतं. तवा तापला का ते आई जशी बघायची, तसं प्रत्येकीला हळूच शिवत गेलो. पाचवीने चटका दिला.

खात्री करायला नवी चिप तिच्या पाठकुळी बसवली, पाय पायांवर टेकवून. हा उपाय दर वेळी लागू पडतोच असं नाही. पण स्क्रीन क्षणभर निळा झाला आणि मी एकटाच ओरडलो. मग जुनीचे सोळा पाय एकेक करून सोडवले. त्यात एक तांब्याची रेघ उखडली, तिला तारेचं ठिगळ लावलं. काकांनी पाहिलं असतं तर स्टुलावरून उठवलं असतं.

रात्री अकराला निळ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: 38911 बाइट मोकळे, रेडी. बायकोला हाक मारली. "छान. आता याच्यावर काय करणार?"

फोटो काढून पुण्याला भावाला पाठवला. फोटो तीन एमबीचा निघाला. तो या मोकळ्या जागेत साठवायचा तर असे ऐंशीएक कमोडोर लागतील.