एक पाय आखूड

टालिन हे लंगडं शहर आहे, असं टालिनचेच लोक म्हणतात. एस्टोनियाच्या या राजधानीत खालच्या व्यापारी पेठेतून वर सरदारांच्या टूंपेआ टेकडीकडे दोन वाटा चढतात. एकीचं नाव 'पिक यालग', म्हणजे लांब पाय. दुसरीचं 'ल्युहिके यालग', म्हणजे आखूड पाय. लांब पाय गाड्याघोड्यांसाठी, सावकाश चढणारा. आखूड पाय पायऱ्यापायऱ्यांनी तडक वर जाणारा. माझा डावा गुडघा गेली चार वर्षं कुरकुरतोय, त्यामुळे गाव पाहण्याआधीच मला आपलं वाटू लागलं.

"अहो, तुम्ही लांबानं या, मी आखुडानं जाते," म्हणत ही पायऱ्या चढून दिसेनाशीही झाली. मी दगडगोट्यांच्या फरसबंदीवरून डुलत निघालो. हे गोटे पायांना एकेक करून आपली ओळख करून देतात. पूर्वी वरच्या सरदारांचं आणि खालच्या व्यापाऱ्यांचं पटत नसे; रात्री मधला दरवाजा लावून घेत. एका गावात दोन गावं, आणि दोघांनाही आपणच खरं गाव आहोत याची खात्री. असली गावं मी पाहिली आहेत, नावं सांगत नाही.

वर एक बुरूज आहे, 'कीक इन दे कोक'. जुन्या जर्मन बोलीतल्या या नावाचा अर्थ 'स्वयंपाकघरात डोकाव'. पंधराव्या शतकातला हा बुरूज इतका उंच की पहारेकऱ्यांना खालच्या घरांच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसायचं म्हणे. चाळीत वाढलेल्या माणसाला याचं नवल नाही. आमच्याकडे हे काम बुरुजाविना चालायचं. १५७७ साली रशियन फौजेनं मारलेले तोफगोळे या बुरुजाच्या भिंतीत अजून रुतलेले दाखवतात. त्या दिवशी कोणाच्या चुलीवर काय होतं, ते मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.

उतरताना गुडघ्यानं संप पुकारला. नगरभवनाच्या चौकात औषधाचं दुकान दिसलं आणि मला हायसं वाटलं. हे दुकान १४२२ सालच्या नोंदीतही सापडतं आणि आजही तिथे औषधं मिळतात. मागच्या बाजूला जुन्या उपायांचं छोटं प्रदर्शन आहे. त्यातली जाळलेल्या मधमाश्यांची पूड वगैरे पाहिल्यावर गुडघा आपणहून बरा वाटू लागला. दंतकथा अशी, की एकदा एका बड्या नगरसेवकाचं कडू औषध करायची पाळी मार्ट नावाच्या शिकाऊ पोरावर आली. त्यानं बदाम आणि साखर घालून ते गोड केलं, आणि मार्झिपानचा शोध लागला. जर्मनीतलं ल्यूबेकही हाच मान सांगतं. त्या भांडणात मी पडत नाही. मी एक तुकडा तोंडात टाकला. "बदामाची वडी आहे हो ही," हिनं निकाल दिला, "पण वेलची विसरलेत."

संध्याकाळी एका बाकावर बूट काढून बसलो. शेजारच्या आजोबांनी गावाबाहेरच्या उलेमिस्ते तळ्याची गोष्ट सांगितली. वर्षातून एकदा शरदात, रात्री, तळ्यातून एक करडा म्हातारा वेशीशी येतो आणि विचारतो, "शहर बांधून झालं का?" पहारेकऱ्यानं म्हणायचं, "छे, अजून पुष्कळ काम बाकी आहे." चुकून "झालं" म्हटलं, तर म्हातारा सगळं शहर बुडवणार. आजोबांनी समोर बोट दाखवलं. रस्त्याची खोदाई चालू होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तक्रारीचं चिन्ह नव्हतं. खोदलेल्या रस्त्याकडे इतक्या समाधानानं पाहणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

रात्री हॉटेलात गुडघ्याची गोळी घेतली, नळाच्या पाण्याबरोबर. टालिनचं बरंचसं पिण्याचं पाणी उलेमिस्ते तळ्यातूनच येतं.