धुराची सरबराई

मोटारींचे शौकीन जमले की गप्पा चालतात त्या इंजिनात काय जातं याच्या. पेट्रोल कुठल्या पंपावरचं, ऑइल कुठल्या ग्रेडचं, एअर फिल्टर कागदी की कापडी. बाहेर काय पडतं याची चौकशी फक्त पीयूसीवाला करतो, तीही पावती फाडण्यापुरती. पण गाडी शर्यतीत उतरवणाऱ्यांची एक जमात अशी आहे, की तिचा सगळा जीव जाणाऱ्या धुरात अडकलेला असतो. माझा पुतण्या या जमातीत दाखल झाला, आणि आमच्या घरात जेवताना धुरावर चर्चा होऊ लागली.

त्याने रॅलीसाठी एक जुनी जिप्सी घेतली. १.३ लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन. तिला त्याला हेडर बसवायचा होता. कारखान्यातून निघणाऱ्या गाडीला धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड असतो, तो पूर्वापार ओतीव लोखंडाचा: आखूड, जाड, निर्विकार. हेडर म्हणजे त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वेगळी नळी. चारही नळ्या शक्यतो सारख्या लांबीच्या, म्हणून जवळची नळी मुद्दाम वळसे घेत जाते, लांबची सरळ जाते, आणि शेवटी चौघी एका तोंडाशी येऊन मिळतात. त्या तोंडाला कलेक्टर म्हणतात.

धुराला एवढ्या सोयी कशाला, असं मी विचारलं. उत्तर मला आमच्याच दारात सापडलं. मराठी घरातला पाहुणा ‘येतो हं’ म्हणून उठतो आणि मग उंबऱ्यात अर्धा तास उभा राहून बोलतो. मागच्यांना चपला सापडत नाहीत आणि त्याच वेळी आलेल्या नव्या पाहुण्याला आत शिरता येत नाही. आखूड मॅनिफोल्डमध्ये चार सिलिंडरांचा धूर असाच एकमेकांच्या पायात येतो. हेडरमध्ये प्रत्येकाला वेगळी वाट मिळते. शिवाय दाबाची लाट कलेक्टरच्या मोकळ्या तोंडाशी पोचली, की तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते. ती नेमकी व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमारास परत पोचली, तर सिलिंडरमध्ये रेंगाळलेला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला मदत करते. ही वेळ कुठल्या आरपीएमला जुळणार, ते नळीच्या लांबीवर ठरतं. लांब नळी खालच्या आरपीएमला, आखूड वरच्या. ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच’ हे सूत्र चहाच्या टपरीवर फार लोकप्रिय आहे. इंजिनाला मात्र ते कोणी कळवलेलं नाही.

नळ्या जोडायच्या म्हणजे कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. या गावाने ओतकामात आणि लेथवर आयुष्यं घालवली आहेत, त्यामुळे लोखंडाविषयी इथे कुणाशी वाद घालू नये. पुतण्या ज्यांच्याकडे गेला त्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. त्याने बरोबर आमच्या गच्चीवरचा पाण्याच्या लाइनचा उरलेला जीआय पाइप नेला होता. मामांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत दिला.

“भावा, ह्यातनं पाणी न्यायचं. हा पेटवला तर ताप तुला न्हाई, मला येनार.”

हा विनोद नव्हता. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर ९०७ अंशांना उकळतो, वेल्डिंगची ठिणगी त्याच्या कितीतरी पुढे जाते, आणि ती पांढरी वाफ छातीत गेली की संध्याकाळी वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो.

मग पद्धतींची छाननी झाली. रॉडचं आर्क वेल्डिंग गेटाला आणि ग्रिलला उत्तम, पण हेडरची नळी जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची. तिथे नवशिक्याच्या हातून जोडापेक्षा भोकं जास्त होतात. गॅस वेल्डिंगने जुन्या उस्तादांनी शर्यतीच्या गाड्यांचे सुरेख पाइप जोडले आहेत, मात्र साध्या लोखंडाचे. स्टेनलेसला ती ज्योत मानवत नाही. कुणीतरी पितळेने ब्रेझिंग करायचं सुचवलं. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं आणि इंजिन जोरात असताना हेडरच्या तोंडाशी धूरही ८०० ते ९०० अंशांवर असतो. म्हणजे गगनबावड्याचा घाट चढेपर्यंत पितळ उघडं पडणार. सीओटू वेल्डिंग झपाट्याचं आणि स्वस्त, साध्या लोखंडाला चालतंही. पण स्टेनलेसला निव्वळ कार्बन डायऑक्साइड सोसत नाही. त्यातला कार्बन जोडात शिरतो. शिवाय उडणारे शिंतोडे नळीच्या आत चिकटून बसतात.

उरलं आर्गन. पुस्तकात ज्याला टिग म्हणतात त्याला उद्यमनगर सरळ वायूच्या नावाने ओळखतं. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी विमानांचं मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत घडवली, तेव्हा त्यात हेलियम होता. आर्गन हवेत जवळजवळ एक टक्का असतो आणि कुणाच्याही भानगडीत पडत नाही. टंगस्टनचं टोक ठिणगी देतं पण स्वतः वितळत नाही, कारण ते वितळायला ३,४०० अंशांच्या वर जावं लागतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात तार, पायाखाली करंट कमीजास्त करणारं पेडल. काम चालू असताना माणूस मोबाइल घेऊ शकत नाही, हा फायदा पुस्तकांत दिलेला नाही.

खरी मजा त्या तारेची, म्हणजे फिलरची. साध्या लोखंडाच्या नळीचा प्रश्न सोपा असतो: ईआर७०एस-२ ही तार घ्यायची. नावातला ७० म्हणजे जोड दर चौरस इंचाला किमान ७०,००० पौंडांचा ताण सोसणार. पण पुतण्याला स्टेनलेस हवं होतं, आपल्या डब्या-वाट्यांचं ३०४, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. मामांनी कपाटातून ३०८एलची तार काढली. पुतण्या इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, त्यामुळे विरोध करणं त्याचं कर्तव्यच होतं. ३०४च्या नळीला ३०४चीच तार का नाही?

कारण जोड पाणी होऊन पुन्हा गोठतो, तेव्हा तो आवळतो आणि तडकू पाहतो. ३०८मध्ये क्रोमियम सुमारे २० टक्के आणि निकेल १० टक्के, आणि त्यांचं प्रमाण असं बेतलेलं, की गोठताना जोडात थोडं फेराइट उरतं. ते तड जाऊ देत नाही. शेवटचा एल म्हणजे कार्बन कमी. ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान कार्बन क्रोमियमला गाठून त्याचं कार्बाइड करतो, आणि जिथलं क्रोमियम असं अडकतं तिथे स्टेनलेसला गंज धरतो. हेडरचं अख्खं आयुष्य नेमकं याच तापमानात जातं. म्हणून ज्यांच्या खिशाला झेपतं ते ३२१ घेतात. त्यात टायटॅनियम असतं, ते कार्बनला आधीच धरून ठेवतं. पण ३२१ला ३२१ची तार चालत नाही. टायटॅनियम ठिणगीतच बरंचसं जळून जातं. तिथे नायोबियमची ३४७ लागते.

राहता राहिली फ्लँज, इंजिनाच्या हेडला बोल्टने आवळायची जाड पट्टी. ती साध्या लोखंडाची होती आणि नळ्या स्टेनलेसच्या. इथे ३०९एल. तिच्यात क्रोमियम-निकेल इतकं भरपूर, की लोखंड मिसळून पातळ झालं तरी जोड ठिसूळ होत नाही.

आकड्यांचा हा पसारा ऐकून मला एक गोष्ट फार पटली. जोडणाऱ्याकडे दोन्ही बाजूंपेक्षा थोडं जास्तच असावं लागतं, कारण जोडता जोडता त्यातलं काही खर्ची पडतंच. आणि फट भरणं हे त्याचं कामच नव्हे. मामा प्रत्येक नळीचं तोंड घासून दुसऱ्या नळीवर टेकवत, उजेडासमोर धरत, आणि सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायला बसत. घासायचा ब्रशही स्टेनलेसचा, वेगळा ठेवलेला. लोखंडी ब्रश फिरवला तर त्याचे कण मागे राहून तिथे गंज उगवतो.

स्टेनलेसचा एक स्वभाव म्हणजे तापलं की पसरणं, आणि साध्या लोखंडापेक्षा जवळपास दीडपटीने. साठ सेंटिमीटरची नळी ७०० अंशांनी तापली की सातेक मिलिमीटर लांब होते. दोन्ही टोकं घट्ट जोडली असतील, तर हे मिलिमीटर जाणार कुठे? ते जोडावर राग काढतात. म्हणून कलेक्टरपाशी नळ्या वेल्ड न करता नुसत्या आत सरकवल्या, आणि बाहेरून स्प्रिंगने ओढून धरल्या. एवढ्या तारा, एवढे आकडे, आणि सगळ्यात नाजूक ठिकाणी जोड द्यायचाच नाही, असं ठरलं. संसारी माणसाने यावर बोलू नये, पण विचार करायला हरकत नाही.

हेडर झाला. जोडांवर फिकट सोनेरी आणि निळसर झाक आली होती, करडी कुठे नव्हती. करडी म्हणजे उष्णता जास्त झाली किंवा आर्गन कमी पडला. पुतण्याने फोटो काढले. मग बिल आलं. त्यात आर्गनचा आकडा पाहून तो थबकला. टॉर्चमधून जेवढा गेला, तेवढाच नळीच्या आतूनही सोडला होता. दोन्ही तोंडं फॉइलच्या टेपने बंद करून, एक बारीक भोक ठेवून, आतली हवा निघून जाईपर्यंत मामा थांबत आणि मगच ठिणगी पाडत. तसं केलं नाही, तर जोडाच्या आतल्या बाजूला हवा लागून काळी दाणेदार खपली धरते, आणि तड तिथूनच सुरू होते. बाहेरून काहीच कळत नाही.

पुतण्या हिशेबाचा कागद धरून म्हणाला, “पण मामा, आत कोण बघायला जातंय?”

मामा काच कपाळावर सरकवून म्हणाले, “धूर जातोय की.”