हळद न लागलेलं पुस्तक

नागपुरात सदरला रेसिडेन्सी रोडवर महागडी कॉफी प्यायली की निरोगी जगावंसं वाटू लागतं. मीही त्या भरात पौष्टिक आणि झटपट स्वयंपाकाचं एक गुळगुळीत पुस्तक उचललं. वजन दीड किलो तरी असेल, म्हणजे अर्धा व्यायाम घरी आणण्यातच झाला.

पहिल्याच कृतीत लोणी ‘खोलीच्या तापमानाला’ आणायचं होतं. मे महिना, बाहेर ४५ अंश. आमच्या खोलीच्या तापमानाला लोण्याचं पाणी होतं, बाप्पा!

दुसऱ्या कृतीला फ्लॅक्ससीड हवं. चकचकीत पाकीट आणून आईपुढे ठेवलं. तिनं चार दाणे तळहातावर घेतले, चष्मा कपाळावर चढवला.

“हे तं जवस होय न रे! चटणीची बरणी तुह्या मांगंच हाये.”

मग तिनं फळीवरून ‘रुचिरा’ काढली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं. मापं वाटी-चमच्याची, त्यामुळे डिजिटल काट्यावाचून अडत नाही. आमच्या प्रतीचा कणा गेलाय, पानांना तेल लागलंय, एका कोपऱ्यावर आजीचा हळदीचा अंगठा अजून आहे. दुकानात पुस्तक निवडताना आपण फोटो पाहतो. खरं तर शेजारच्या काकूंच्या फळीवरचं कुठलं पुस्तक सर्वांत मळलंय, ते पाहावं.

गुळगुळीत पुस्तकही काही वाया गेलं नाही. पनीर दाबायला त्याच्यासारखं वजन घरात दुसरं नाही.