तारेवरची श्रद्धा

कानसेनांकडे जायचं ते त्यांची ‘सिस्टीम’ ऐकायला. गाणं मध्ये येतं, कारण नुसती वायर वाजत नाही.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या खोलीच्या मधोमध एक खुर्ची आहे. एकच. तिघे गेलात तर पाळीपाळीने बसायचं, कारण ध्वनी फक्त तिथेच ‘जुळतो’. बाकीचे दोघे भिंतीला टेकून जे ऐकतात, त्याला कानसेन ‘आवाज’ म्हणतात.

आधी अर्धा तास ॲम्प्लिफायर तापायचा. तोवर वायरींचं दर्शन. त्या फरशीला टेकू नयेत म्हणून चिनी मातीच्या ठोकळ्यांवर निजवलेल्या असतात. प्रत्येकीवर बाण असतो, आणि तो उलटा लागला तर तंबोरा ‘आक्रसतो’. शिवाय नवी वायर लोणच्यासारखी मुरावी लागते. किमान २०० तास. स्पीकरकडे जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट होतो, तो बाण वाचत बसत नाही, असं इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने एकदा सांगून पाहिलं. “पुस्तकी ज्ञान,” म्हणत कानसेनांनी त्याला खुर्चीवरून उठवलं.

मग रेकॉर्ड लागते. सवाई गंधर्व महोत्सवातलं ध्वनिमुद्रण, भीमसेनजी रंगात आलेले. कानसेन डोळे मिटतात, हात वर करतात आणि कुजबुजतात, “खोकला ऐकलात? तिसरी रांग, डावीकडे. जुन्या वायरवर हाच गृहस्थ पाचव्या रांगेत बसायचा!” राग कोणता, असं विचारलं तर ते डोळे उघडून रेकॉर्डचं कव्हर शोधतात.

विजेचीही त्यांना चव कळते. कोयनेच्या पाण्याची वीज मऊ, चंद्रपूरच्या कोळशाची खरबरीत. दोन्ही एकाच ग्रीडमध्ये मिसळून पेठेत पोचतात, हे मान्य. तरी एखाद्या पहाटे त्यांना भैरवात राख लागते.

ही श्रद्धा पेठेपुरती नाही. सीडीची कड हिरव्या मार्करने रंगवली की आवाज खुलतो, असं एके काळी देशोदेशीचे शौकीन मानत. कानसेनांच्या जुन्या सीडी अजून हिरव्याकंच आहेत. २००७ साली अमेरिकेत जेम्स रँडी यांनी सात हजार डॉलरच्या वरची वायर साध्या चांगल्या वायरीपासून नुसत्या कानांनी वेगळी ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. ते कोणी नेले नाहीत. “पैशासाठी ऐकतो कोण?” कानसेन विचारतात. २०२२ मध्ये तर मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या, शुद्ध ॲनालॉग समजल्या गेलेल्या अनेक एलपींच्या घडणीत एक पायरी डिजिटल होती, हे उघड झालं. इतकी वर्षं भल्याभल्या जाणकारांना त्यांत डिजिटलचा ‘कोरडेपणा’ जाणवला नव्हता. कानसेन दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून त्यांना तो स्पष्ट ऐकू येऊ लागला.

शेवटी पुतण्याने परीक्षा घ्यायचं ठरवलं. सिस्टीमवर चादर टाकली आणि मागे खुडबुड करून विचारलं, “आता?” कानसेन गहिवरले. “जमीन-अस्मानाचा फरक! पडदाच बाजूला झाला!” चादरीखाली वायर तीच होती. पोराने फक्त आवाज केसभर वाढवला होता. किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटतच नाही, चांगला वाटतो. कानसेन डगमगले नाहीत. “परीक्षा म्हटलं की कान मिटतात,” ते म्हणाले.

त्यांचे स्पीकर ४०,००० हर्ट्झपर्यंत जातात. माणसाचा कान भर तारुण्यात २०,०००च्या आसपास थांबतो आणि वयाबरोबर खाली उतरत जातो. कानसेनांनी साठी ओलांडली आहे. वहिनी आतून “गॅस बंद करा हो!” म्हणून तीनदा ओरडतात, ते त्यांना ऐकू येत नाही.

खोलीत गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती आणि काचेचं शोकेस आहे. टाळी वाजवली तर ती परत येते. जाड पडदे आणि एक सतरंजी घातली तर जो फरक पडेल, तो कुठल्याच वायरीने पडणार नाही. हे त्यांना बऱ्याच जणांनी सांगितलं. पण सतरंजी तुळशीबागेत मिळते, आणि एवढी स्वस्त वस्तू कानसेनांना ऐकूच येत नाही. वायरीची किंमत मात्र पहिल्या सुरापासून स्पष्ट ऐकू येते.

हल्ली त्यांना कळलंय, की जपानमध्ये काही शौकिनांनी शुद्ध विजेसाठी घरापुरता स्वतंत्र खांब उभारून घेतलाय. त्यांनी लगेच महावितरणचा अर्ज आणला. वापराचा प्रकार विचारणाऱ्या रकान्यात घरगुती, व्यावसायिक, औद्योगिक, कृषी असे पर्याय होते. कानसेनांनी चारही खोडले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘विलंबित ख्याल’.