पासवर्ड घरातच असतो

राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका. कुणीतरी सांगितलं म्हणून तर मुळीच नको.

वायफायचा पासवर्ड विसरला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पहिला सल्ला हाच मिळतो : रीसेट मार. शेजारी तेच सांगतो, मोबाइलच्या दुकानातला पोट्टाही तेच सांगतो. टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून धरली की राउटरचे दिवे विझतात, पुन्हा लागतात आणि डबी कारखान्यातून आली तशी कोरी होते. जुना पासवर्ड जातो, हे खरं. पण जोडणी देताना कंपनीच्या माणसानं भरलेली माहितीही त्याच्यासोबत जाते. फायबरच्या बऱ्याच जोडण्यांत कंपनीचं एक वेगळं यूजरनेम आणि वेगळा पासवर्ड राउटरच्या पोटात भरलेला असतो. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. घरच्या वायफायच्या पासवर्डशी कंपनीच्या या पासवर्डचा काही संबंध नाही. तो पुसला गेला, तर फोन वायफायला जोडला जातो, पण नेट येत नाही. मग तक्रार नोंदवायची आणि लाइनमनची वाट पाहत बसायचं.

मोठ्या शहरात ही वाट एखाद्या दिवसाची असेल. इथलं अंतर वेगळं आहे. गडचिरोलीहून सिरोंचा रस्त्यानं दोनशे किलोमीटरच्या वर पडतं. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुक्याचं गावच तुटतं. वर्षानुवर्षं पावसाळ्यात हे घडत आलं आहे. पाच मिनिटांच्या टाचणीपायी आठवडाभर घर बिननेटचं ठेवायचं का? म्हणून या दोन जिल्ह्यांत रीसेट हा शेवटचा उपाय समजा. त्याआधीचे उपाय घरातच आहेत, आणि ते फुकट आहेत.

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत. शिवाय विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, चोर खिडकी अशा लहान वाटा आहेत, सगळ्या मिळून पाच. राउटरचं असंच आहे. दरवाज्यावर अडलात, तर खिडकी शोधायची.

पहिली खिडकी म्हणजे घरातला असा कोणताही फोन, ज्यावर वायफाय अजून चालू आहे. आजीचा असो की शाळकरी मुलीचा, त्या फोनला पासवर्ड ठाऊक आहे. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन असेल, तर सेटिंगमध्ये वायफाय उघडा, जोडलेल्या नावावर बोट ठेवा आणि ‘शेअर’ दाबा. फोन बोटाचा ठसा किंवा पिन मागेल, मग काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा क्यूआर कोड समोर येईल. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं तो टिपला की काम झालं. बऱ्याच फोनवर त्या चौकोनाखाली पासवर्ड अक्षरांतही लिहिलेला असतो. आयफोनवर आयओएस १६ पासून वायफायच्या नावापुढच्या ‘आय’च्या गोलावर गेलं की पासवर्डची ओळ दिसते, तिच्यावर बोट ठेवा आणि चेहरा किंवा ठसा दाखवा.

दुसरी खिडकी लॅपटॉप. विंडोज ११ मध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये वायफायची ‘सिक्युरिटी की’ पाहण्याची सोय आहे. जुन्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, तिथून वायफायचं नाव, वायरलेस प्रॉपर्टीज आणि सिक्युरिटी असं जायचं. तिथे ‘शो कॅरेक्टर्स’वर खूण केली की टिंबांच्या जागी अक्षरं येतात.

तिसरी खिडकी राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला कागद. डबी उलटी करा, धूळ पुसा, चष्मा लावा. वायफायचं कारखान्यातलं नाव आणि पासवर्ड तिथे बारीक अक्षरांत छापलेला असतो. बसवणाऱ्यानं पासवर्ड बदलला नसेल, तर शोध इथेच संपतो. कित्येक घरांत तो बदललेलाच नसतो आणि कुणी डबी उलटून पाहिलेलीही नसते.

चौथी खिडकी केबल. राउटरसोबत आलेली लॅनची वायर लॅपटॉपला लावली, तर वायफायचा पासवर्ड लागतच नाही. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. बऱ्याचदा तो १९२.१६८.१.१ असतो, खालच्या कागदावर तो छापलेलाही असतो. हे आकडे इंग्रजीत टाइप करायचे. आत शिरायचं नाव आणि पासवर्डही बहुधा त्याच कागदावर मिळतो. आत वायफायच्या पानावर जुना पासवर्ड पाहता येतो किंवा नवा ठेवता येतो, आणि कंपनीची माहिती जिथल्या तिथे राहते. टाचणीत आणि केबलमध्ये हाच फरक आहे.

पाचवी खिडकी कंपनी. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमधूनच वायफायचा पासवर्ड बदलता येतो. तेही जमलं नाही, तर फोन करून पीपीपीओईची माहिती मागा, कागदावर लिहून घ्या आणि मगच टाचणी हातात घ्या.

लाइट गेली म्हणून पासवर्ड उडाला, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. लाइट गेल्यानं पासवर्ड उडत नाही. तो राउटरच्या अशा स्मृतीत असतो, जी विजेविना टिकते. मात्र विजेच्या झटक्यानं एखादा स्वस्त राउटर बिघडून कारखान्यातल्या अवस्थेत जाऊ शकतो. हे ओळखायचं कसं? फोनमध्ये वायफायचं नाव पाहा. नाव तुम्ही ठेवलेलंच असेल, तर पासवर्डही बहुधा जुनाच आहे आणि चूक टाइप करण्यात आहे. नाव बदलून डबीखालच्या कागदावरचं झालं असेल, तर पासवर्डही त्या कागदावरचा टाका.

टाइप करण्यातल्या चुका ठरलेल्या असतात. लहान अक्षराच्या जागी मोठं पडतं. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ सारखेच दिसतात, एक आणि लहान ‘एल’ही. आणि कीबोर्ड मराठीवर राहिला असेल, तर आकडे देवनागरी पडतात. माणसाला १ म्हणजे एकच, पण राउटरला देवनागरी १ हे निराळंच अक्षर. पासवर्डच्या चौकटीतला डोळा दाबून अक्षरं नजरेखालून घाला. निम्मी भांडणं इथेच मिटतील.

एक गोष्ट मात्र करू नका. दुसऱ्याचं वायफाय फोडून देतो म्हणणारं अ‍ॅप फोनमध्ये घेऊ नका. ते शेजाऱ्याचा पासवर्ड देत नाही, तुमच्याच फोनचे संपर्क आणि मेसेज मागतं. त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो.

आता मुळावर येऊ. हा पासवर्ड विसरला जातो असं आपण म्हणतो, पण बहुतेक घरांत तो कुणाला सांगितलेलाच नसतो. जोडणीच्या दिवशी बसवणारा येतो, घरातल्या शिकलेल्या पोराच्या फोनमध्ये पासवर्ड टाकून देतो आणि निघून जातो. पोरगा आईचा फोन हातात घेऊन जोडून देतो. जूनमध्ये तो पुण्याला नाहीतर नागपूरला शिकायला जातो. दिवाळीला आईचा फोन पाण्यात पडतो, नवा फोन येतो आणि वायफाय पासवर्ड मागतं.

‘बापू, वायफायचा पासवर्ड का होता रे?’

‘मले आठवत नाही ना आई. बाबाले विचार.’

‘बाबाले का मालूम? तूच टाकला होता.’

दिवसभर ज्या घरात ती असते, ज्या घराचं बिल ती भरते, त्या घराच्या वायफायची चावी दूरच्या शहरात गेलेली असते. मला राग याचा येतो. आईला पासवर्ड कळणार नाही, असं गृहीत धरलं गेलं. तिला विचारलं गेलं नाही. बचतगटाचे हिशेब ठेवणाऱ्या बाईला आठ अक्षरं पेलणार नाहीत, हे कुणी ठरवलं?

आणि हे वायफाय नुसतं सिनेमा पाहण्याचं राहिलेलं नाही. धान खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणी लागते. ई-पीक पाहणी फोनवर होते. पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. लाडक्या बहिणीची ई-केवायसी ऑनलाइन, पोलीस भरतीचा अर्ज ऑनलाइन. जंगलातल्या गावांत भिंतीच्या आत मोबाइलची रेंज येत नाही, तिथे बरेच लोक फोनही वायफायवरूनच बोलतात. दुर्गम भागातली माणसं दाखल्यांसाठी आणि योजनांसाठी पोलीस मदत केंद्रातली दादालोरा खिडकी गाठतात. ज्यांच्या घरी जोडणी आली आहे, त्यांनी आठ अक्षरांपायी अर्जाची मुदत चुकवावी, हे मला पटत नाही.

चावी कुणाच्या हाती, हा प्रश्न या मातीला नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो वाहून नेण्याच्या परवान्याचं पुस्तक वनखात्याकडेच राहिलं. हक्क कागदावर आणि बांबू जंगलात. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे हक्काला अर्थ आला. साधं पुस्तक, पण ते कुणाच्या कपाटात आहे यावर सगळं अवलंबून होतं. ज्या गडचिरोली जिल्ह्यानं हे देशाला शिकवलं, तिथल्या घरांनी आपल्या जोडणीची चावी दुसऱ्याच्या कपाटात का ठेवावी?

कंपन्यांनाही सरळ सांगतो. जोडणी देताना ग्राहकाच्या हाती मराठीत छापलेला एक कागद द्या. त्यावर पाच गोष्टी ठळक अक्षरांत हव्यात : वायफायचं नाव, वायफायचा पासवर्ड, राउटरच्या आत शिरायचं नाव आणि पासवर्ड, पीपीपीओईची माहिती, तक्रारीचा नंबर. पीपीपीओईची माहिती ग्राहकाच्याच जोडणीची आहे, ती लाइनमनच्या डायरीत अडकून राहण्याचं काही कारण नाही. एका कागदानं कंपनीच्याही फेऱ्या वाचतील. आणि ग्राहकांनो, हा कागद हाती पडल्याशिवाय बसवणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावू नका.

नवं तंत्रज्ञान येईल आणि ही कटकट मिटेल, असंही समजू नका. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रानं २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्र केलं आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांना उपग्रहावरून नेट देण्याचं ठरवलं. तार जमिनीतून येवो की नेट आकाशातून, घरात ते वायफायनंच वाटलं जाणार आणि वायफाय पासवर्ड मागणारच.

म्हणून पासवर्ड लिहून ठेवा. लिहिणं धोक्याचं असतं असं पोरं सांगतील. ऑफिसात मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी धोक्याची, हे खरं. पण रेशनकार्ड आणि सातबारा जिथे ठेवता, त्याच फायलीतला कागद दूरदेशी बसलेल्या चोराला वाचता येत नाही. मात्र पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवू नका, तो गावभर सगळ्यांकडे असतो. कमीत कमी आठ अक्षरं लागतात, त्याहून लांब चालतो आणि लांबच बरा. तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा आणि मधे एक आकडा घाला. तोंडपाठ होईल आणि परक्याला सुचणार नाही. राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च राहिला असेल, तर तोही त्याच बैठकीत बदला आणि त्याच कागदावर लिहा.

ही बैठक आज संध्याकाळीच घ्या. वायफाय चालू आहे, तेव्हाच घ्या. बंद पडल्यावर घाई होते आणि घाईत टाचणी सापडते. घरातल्या सगळ्यांना बसवा. फोनवर क्यूआर कोड काढून दाखवा, डबी उलटी करून कागद वाचा. नवा फोन जोडायचं काम पोराला करू देऊ नका, आईला करू द्या. चुकलं तर तिलाच पुन्हा करू द्या. आणि फायलीतल्या कागदावर पासवर्ड लिहायचा, तो तिच्याच अक्षरात.