टीव्हीचं चित्र लावणे : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक टीव्ही, एक रिमोट (प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर आधी पिशवी काढा), जाड पडदे, आणि दुपारी गाढ झोपणारं कुटुंब.

आधी 'व्हिव्हिड' मोड घालवा. तो दुकानासाठी असतो. तिथल्या झगझगाटात ओळीनं सेट लावलेले, त्यात जो भडक तो खपतो. घरी आणल्यावरही बिचारा बघण्याच्या कार्यक्रमाला बसल्यासारखा पावडर फासून असतो. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. चित्र पिवळट दिसेल, घाबरू नका. सिनेमा-टीव्हीवाल्यांचा पांढरा साधारण ६५०० केल्व्हिनचा. दुकानातला पांढरा म्हणजे नीळ जास्त झालेलं धोतर. दोन दिवसांत डोळे सरावतात. तुमचे.

आता ब्राइटनेस. नाव उजेडाचं, पण बऱ्याच सेटवर काम अंधाराचं. कोर्टातला प्रसंग लावून वकिलाच्या काळ्या कोटावर चित्र थांबवा. कोटाची बटणं, घड्या गडप होईपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग एकेक आकडा चढवत न्या. खिशाची शिवण दिसली रे दिसली की हात काढा. आणखी चढवलात तर कोट राखाडी होतो आणि वकीलसाहेब गणवेशातले वाटू लागतात. कॉन्ट्रास्टसाठी हेच उलट्या दिशेनं पांढऱ्या शर्टाच्या चुण्यांवर करा. शार्पनेस जवळजवळ शून्यावर. ती धार खोटी, नुसती कडेनं रेघ ओढते.

राहिलं मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. मधली चित्रं टीव्ही स्वतःच्या मनानं घुसडतो, आणि कोट्यवधींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. विमानाला बाहेरून लटकणाऱ्या टॉम क्रूझनंही २०१८मध्ये व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायची विनंती केली होती. ते बटण मेनूच्या तळघरात असतं, आणि प्रत्येक कंपनीनं त्याचं बारसं वेगळं केलेलं असतं. शोधा. सगळे आकडे कागदावर उतरवून ठेवा.

संध्याकाळी आई मालिका लावते. "अगंबाई, हिला कावीळ झाली की काय?"

तुम्ही केल्व्हिन समजावू लागता. ती मेकॅनिकला फोन लावते.

तो येतो, तीन बटणं दाबतो. व्हिव्हिड. "सॉफ्टवेअर गेलं होतं, काकू. चारशे रुपये."

आई त्याच्यासाठी चहा टाकते. आलं घालून.